कर्ज मागायला गेलं, की घरचं का विचारतात?

विहिरीसाठी, मोटारीसाठी, नाहीतर चार खण घर बांधायचं म्हणून तुम्ही तालुक्याच्या गावी कर्ज काढायला जाता. टेबलापलीकडचा मनुष्य गट नंबर विचारतो, क्षेत्र विचारतो, सातबाराचा उतारा मागतो. इथवर ठीक. जमीन गहाण ठेवायची, तर जमिनीची चौकशी व्हायचीच. पण मग त्याचे प्रश्न उंबरठा ओलांडून घरात शिरतात. तुमचं वय काय? भाऊ किती? वाटण्या झाल्या का? मुली किती, आणि त्या नांदतात कुठं? पैसे नेमके कशाला हवेत? आधीचं देणं कुणाचं? दुसऱ्या कुणाला जामीन आहात काय?

माणूस चरफडतो. "गहाण जमीन ठेवायची आहे बाबा, लेकी नव्हे!" असं एका म्हाताऱ्या गृहस्थांनी कारकुनाला चारचौघांत सुनावलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. सगळे हसले. कारकूनही हसला, पण त्यानं प्रश्न काही मागं घेतला नाही. आणि त्याला तो का विचारावा लागतो, हे त्यालाही धड सांगता आलं नाही. "फॉर्मात आहे," एवढंच तो म्हणाला.

फॉर्मात आहे खरं. पण फॉर्मातली प्रत्येक ओळ कुणाच्या तरी भांडणातून आलेली असते. कुठं शेतकरी बुडाला, कुठं सावकार बुडाला, कुठं अज्ञान पोराची जमीन गेली, आणि त्यानंतर ती ओळ फॉर्मात आली. त्यातल्या दोनचार ओळींची हकीगत आज तुम्हांला सांगायची आहे. शिक्षक मंडळींनी ती विशेष लक्ष देऊन वाचावी. कारण गावात असले कागद वाचून दाखवायची पाळी पुष्कळदा त्यांच्यावरच येते, आणि पगारदार म्हणून जामीनही लोक त्यांनाच राहायला सांगतात.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. जुना गावचा सावकार असले प्रश्न विचारीत नसे. त्याला गरजच नव्हती. तो त्याच आळीत राहायचा. कुणाच्या घरी सोयरीक ठरते आहे, कुणाचा बैल मेला, कोणते भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, कुणाचं पोर हाताबाहेर गेलं आहे, हे त्याला तुमच्याआधी कळायचं. पैसे मागायला माणूस पायरी चढायच्या आतच सावकारानं मनाशी आकडा ठरवलेला असायचा. तेव्हा घरची माहिती सावकाराला हवी असते, ही काही नवी गोष्ट नव्हे. पूर्वी ती न विचारता मिळत होती, आता धनको परगावचा झाला, म्हणून विचारून घ्यावी लागते, फरक एवढाच.

आणि न विचारणारा सावकार बरा होता, असं मात्र कुणी समजू नये. त्याला तुमचं सगळं ठाऊक होतं. तुम्हांला त्याच्या कागदातलं काहीच ठाऊक नव्हतं. खरी मेख तिथंच होती.

गेल्या शतकाच्याही मागचं शतक घ्या. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं. तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. दख्खनमध्ये पैसा खेळू लागला. सावकारानं मागेल त्याला उचल दिली. युद्ध संपलं, भाव कोसळले, त्याच सुमारास कित्येक तालुक्यांत सरकारनं जमिनीचा सारा वाढवला, आणि सावकारानं हात आखडला. नवं देईना, जुनं मात्र मागू लागला.

त्यात कायद्यानं एक विचित्र भर घातली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं साध्या रोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू चांगला होता. जुनाट देणी उकरून काढून कुळाला कुणी छळू नये, असा. झालं उलटंच. तीन वर्षं भरत आली, की सावकार नवा रोखा लिहून घेई आणि थकलेलं व्याज मुद्दलात घाली. समजा, शंभर रुपये घेतले, व्याज महिना शेकडा दोन. तीन वर्षांनी नवा कागद एकशे बहात्तरांचा. सहा वर्षांनी तो होतो दोनशे शहाण्णवांचा. नऊ वर्षांनी पाचशे आठ रुपये आणि वर काही आणे. आपल्याकडे दामदुपटीचा जुना नियम होता. एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज मागता येत नाही, असा. पण नव्या कागदात व्याजाचंच मुद्दल झालं, मग दामदुपट लागणार कुठं? शेतकरी खाली नांगराची निशाणी करून मोकळा होई. वर काय लिहिलं आहे, ते लिहिणारा जाणे.

पूर्वी सावकाराला वसुलीसाठी गावाच्या भिडेवर अवलंबून राहावं लागे. आता दिवाणी कोर्टं आली. कुळ कोर्टात हजरच होत नसे; दावा एकतर्फी निकाली निघे, हुकूमनामा हाती पडे, आणि जमिनीवर टाच येई. देणं फिटलं नाही म्हणून माणूस तुरुंगातही जाई.

मग १२ मे १८७५ उजाडला. पुणे जिल्ह्यातलं सुपे हे गाव, तेव्हा भीमथडी तालुक्यात आणि आज बारामती तालुक्यात. बाजाराचा दिवस होता. आसपासच्या खेड्यांतली माणसं जमली, आणि सावकारांच्या दुकानांवर, घरांवर चालून गेली. त्यांना काय हवं होतं? खाती आणि रोखे. ती बाहेर ओढून त्यांनी जाळली. पुढल्या दिवसांत हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या पुष्कळ गावांत पसरलं. चौकशी आयोगानं जे नोंदवलं, ते फार बोलकं आहे: सावकारानं मुकाट्यानं कागद काढून दिले, तिथं लोक बहुधा तेवढ्यावरच परतले. माणसाच्या अंगाला हात क्वचितच लागला. राग कागदावर होता. सव्वादोन-अडीच शतकांपूर्वी देहूला तुकोबांनी आपल्या वाटणीची खतं इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. तिथं धनकोनं स्वतः होऊन कागद सोडले होते. सुप्याला ऋणकोंनी ते हिसकावून घेतले. कागद नाहीसा झाला, म्हणजे देणं नाहीसं झालं, ही समजूत मात्र दोन्हीकडे सारखीच दिसते.

सरकारनं आयोग नेमला, आणि त्यातून १८७९ सालचा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा निघाला. प्रथम तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. कर्जाच्या चौकशीच्या इतिहासात हा कायदा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्यानं प्रश्नांची दिशाच फिरवली. तोवर सगळे प्रश्न घेणाऱ्याला. आता कोर्टानं देणाऱ्याला विचारायचं: हा व्यवहार सुरू कधी झाला? पहिल्यांदा हातात रोख दिलेत किती? त्यातलं मुद्दल कोणतं, व्याज कोणतं? कागदावर पाचशे लिहिले आहेत, हे उत्तर चालणार नाही. कागदाच्या मागं जाऊन अगदी आरंभापासूनचा हिशेब मांडायचा, आणि मुद्दलात घुसडलेलं व्याज बाजूला काढायचं. शेतकऱ्याचा दस्तऐवज गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर व्हावा, पैसे भरल्याची पावती मिळावी, दरसाल हिशेब मिळावा, देण्यासाठी शेतकऱ्याला कैद करू नये, हेही त्यात आलं.

हा कायदा सगळा गोडच होता, असं नाही. संरक्षण मिळणार ते शेतकऱ्याला, म्हणजे ज्याची उपजीविका मुख्यत्वे शेतीवर आहे त्याला. तेव्हा समोरचा माणूस पोट कशावर भरतो, हे जाणणं सावकाराला भागच पडलं. शिवाय गहाणखताचा हिशेब कोर्ट उकरून काढतं, हे पाहिल्यावर कित्येक सावकार गहाणखताऐवजी सरळ खरेदीखतच लिहून घेऊ लागले. पैसे फिटले की जमीन परत करीन, हा शब्द तोंडी. तोंडचा शब्द पुढं कोण पाळतो, कोण नाही, ते तुम्हांला मी सांगायला नको.

आता "पैसे कशाला हवेत?" या प्रश्नाकडे येऊ. लोकांना हा फार झोंबतो. माझे पैसे, मी फेडणार, मग मी त्याचं लग्न करीन नाहीतर विहीर खणीन! पण या प्रश्नाचं मूळ विलायतेतल्या प्रिव्ही कौन्सिलच्या १८५६ सालच्या एका निकालात आहे. हनुमानप्रसाद पांडे यांचा खटला म्हणून तो वकिलांना पाठ असतो. उत्तर हिंदुस्थानातलं प्रकरण. वारस अज्ञान, त्याची आई कारभार पाही. तिनं मालमत्ता गहाण टाकली. मुलगा मोठा झाला आणि म्हणाला, हे गहाण मला बांधील नाही. न्यायाधीशांनी ठरवलं ते असं: दुसऱ्याच्या वतीनं कारभार पाहणाऱ्याला मालमत्ता गहाण टाकायचा अधिकार आहे, पण तो मर्यादित, खरी गरज असली किंवा मालमत्तेचं हित असलं, तरच. आणि अशी गरज आहे की नाही, याची चौकशी पैसे देणाऱ्यानं केली पाहिजे. प्रामाणिकपणे चौकशी करून त्यानं पैसे दिले असतील, तर पुढं ते पैसे खरोखर त्याच कामी लागले की नाही, हे पाहत बसायची जबाबदारी त्याच्यावर नाही.

पाहा म्हणजे, विचारणं हे सावकाराचं नुसतं कुतूहल राहिलं नाही. ते त्याचं कर्तव्य झालं, आणि त्याचं चिलखतही झालं. एकत्र कुटुंबाचा कर्ता जमीन गहाण टाकतो, तेव्हा त्यात धाकट्या भावांचा, पोरांचा वाटा असतो. सरकारचा सारा, मुलीचं लग्न, आजारपण, वडिलांचं उत्तरकार्य, कुटुंबाचं जुनं देणं या गरजा कायदा मानतो. जुगार आणि बाहेरख्यालीपणा मानीत नाही. म्हणूनच जुन्या गहाणखतांत "घरखर्चाकरिता व सावकाराचे देणे वारण्याकरिता" अशी ओळ हटकून सापडते. अर्थात नुसती ओळ लिहिली म्हणजे गरज सिद्ध झाली असं नाही, हेही कोर्टांनी पुढं वेळोवेळी सांगितलं. माझ्या मते हा प्रश्न जितका धनकोच्या सोयीचा आहे, तितकाच घरातल्या न बोलणाऱ्या माणसांच्याही सोयीचा आहे. कर्त्याला "कशाला?" म्हणून विचारायची धाकट्या भावाची छाती होत नाही, निदान परका तरी विचारतो.

वयाचा प्रश्न त्याहून साधा दिसतो. पण त्यापायी एक सावकार चांगलाच पोळला. कलकत्त्याची गोष्ट, १८९५ सालची. धर्मदास घोष नावाच्या मुलानं आपली घरं ब्रह्मदत्त या सावकाराकडे वीस हजार रुपयांना गहाण लिहून दिली, व्याज शेकडा बारा. मुलगा अज्ञान होता. त्याच्या आईनं वकिलामार्फत सावकाराच्या माणसाला आधीच पत्र धाडून बजावलं होतं, की पोर अज्ञान आहे, पैसे द्याल तर स्वतःच्या जबाबदारीवर द्या. त्या माणसानं काय करावं? मुलाकडूनच "मी सज्ञान आहे" असं लांबलचक लिहून घेतलं आणि गहाणखत केलं! १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलनं निकाल दिला: अज्ञान माणसाचा करार मुळातच रद्दबातल, गहाणही गेलं आणि दिलेले पैसेही परत मिळाले नाहीत. तेव्हापासून "मी सज्ञान आहे" या तोंडच्या किंवा हातच्या शब्दावर शहाणा धनको विसंबत नाही. दाखला मागतो. सत्तरीच्या माणसालासुद्धा मागतो, ते जरा अतीच होतं. पण एकदा फॉर्मात ओळ बसली, की ती पांढऱ्या केसांकडे पाहत नाही.

कोर्टकचेऱ्यांची ही बाजू झाली. गावात मात्र दुसराच एक प्रयोग सुरू झाला होता. जर्मनीत रायफायझन नावाच्या एका मेयरनं १८६४ साली शेतकऱ्यांची पतपेढी काढली होती. १९०४ च्या कायद्यानं ती कल्पना आपल्याकडे आली. एका गावातल्या दहा माणसांनी मिळून सोसायटी काढायची, आणि ग्रामीण सोसायटीत सगळ्यांची जबाबदारी अमर्यादित. म्हणजे एकानं बुडवलं, तर बाकीच्यांच्या भांड्याकुंड्यांपर्यंत. मुंबई इलाख्यातली पहिली सोसायटी १९०५ साली गदगजवळच्या कणगिनहाळ गावी निघाली.

या सोसायटीत चौकशी कोण करणार? शेजारीच. सावकारासारखंच त्यांनाही सगळं ठाऊक. पण आता ते पंचांपुढं बोलायचं आणि वहीत लिहायचं. सभासदाची हैसियत काय, जमीन किती, देणं किती, हे नोंदवायचं. ज्यानं जामीन राहायचं त्यालाही विचारायचं, की बाबा, तू आधीच कितीजणांना शब्द दिला आहेस? एकमेकांना तिघेजण फिरून फिरून जामीन राहिले, तर जामीन म्हणून उरलं कोण? कल्पना सुंदर खरी. पण गावकी आणि भावकी काही वहीबाहेर राहत नाही. ज्याच्याशी बांधाचं भांडण, त्याच्या अर्जाला "हा व्यसनी आहे" असा शेरा मारणारे पंचही निघाले असतीलच. शेजाऱ्याची माहिती खरी असते. ती सांगण्यातला हेतू दरवेळी खरा असतोच, असं नाही.

त्यात आणखी एक उणीव होती. १९५१-५२ साली रिझर्व्ह बँकेच्या वतीनं देशभर ग्रामीण कर्जाची पाहणी झाली. गोरवाला हे समितीचे अध्यक्ष. आपले धनंजयराव गाडगीळ सभासद. १९५४ साली अहवाल आला. शेतकरी जेवढं कर्ज काढतो, त्यातलं सहकारी संस्थांकडून येतं ते शेकडा तीनच्या आसपास, आणि सावकारांकडून शेकडा सत्तरच्या आसपास, असं त्यातून निघालं. पन्नास वर्षांच्या खटपटीचं फळ शंभरात तीन! याचं एक कारण प्रश्नातच होतं. "जमीन किती?" हाच प्रश्न पहिला असल्यामुळं कुळानं कसणारा, थोड्या जमिनीचा मनुष्य दारातच अडायचा. समितीनं सुचवलं, की जमिनीऐवजी पीक पाहा. काय पेरलं, खर्च किती, येणार किती, यावर कर्ज द्या. पीककर्जाच्या अर्जात आज पिकाचा तपशील विचारतात, त्याची मुळं अशी आहेत. नुसता प्रश्न बदलला, तर दारात उभं राहणारी माणसं बदलतात.

दीर्घ मुदतीच्या कर्जाचं मात्र पीक पाहून भागत नाही. विहिरीचे पैसे दहा-पंधरा वर्षं फिटत राहतात. त्यासाठी मुंबई इलाख्यात १९३५ साली प्रांतिक भूतारण बँक निघाली. पुढं तिच्याच परंपरेत भूविकास बँका आल्या, आणि त्यांचंही काम आता संपलं आहे. पण त्यांनी घालून दिलेली तऱ्हा इतर बँकांनी उचलली. इतकी वर्षं जमीन अडकवून ठेवायची, तर उद्या तिच्यावर हक्क सांगायला कोण कोण उभं राहील, हे आज पाहिलं पाहिजे. म्हणून मागचे फेरफार काढायचे, वाटण्या विचारायच्या, वारस विचारायचे.

आता त्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या लेकींकडे येऊ. त्यांच्या तरुणपणी बापाच्या वडिलार्जित जमिनीत मुलीला जन्मानं वाटा नव्हता. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं बापाच्या मागं मुलगी वारस झाली, आणि विधवेला तिच्या नावच्या मालमत्तेची पुरी मालकी मिळाली. त्याआधी विधवेनं जमीन गहाण टाकली, तर गरज सिद्ध करता करता धनकोच्या नाकी नऊ येत. पुढं महाराष्ट्रानं १९९४ साली आणि साऱ्या देशानं २००५ साली मुलीला मुलासारखाच जन्मसिद्ध हक्क दिला. बाप २००५ साली हयात असो वा नसो, हा हक्क आहेच, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली स्पष्ट केलं. म्हणजे जमीन वडिलार्जित असेल, तर सासरी नांदणारी मुलगीही त्या बांधाची धनीण. तिला न विचारता केलेल्या गहाणाला ती उद्या हरकत घेऊ शकते. जमीन स्वकष्टार्जित असेल, तर गोष्ट निराळी. म्हणून आधी तोही प्रश्न येतो.

इथं एका फसगतीपासून जपायला हवं. मुलीची सही हवी म्हणून तिच्यापुढं जो कागद येतो, तो दोन तऱ्हांचा असू शकतो. संमतीपत्र म्हणजे, बाबा कर्ज काढताहेत, गहाणाला माझी हरकत नाही; माझा वाटा माझाच. हक्कसोडपत्र म्हणजे वाटाच सोडला. कर्जाला पहिलं पुरतं. पण "सही लागते ग बँकेला" असं म्हणून भाऊ कधी दुसरंच पुढं करतो, आणि सासरहून धावत आलेली बहीण न वाचता सही करून परत जाते. नांगराच्या निशाणीचा काळ संपला म्हणतात. अशा वेळी तो संपला आहे, असं मला वाटत नाही.

त्या गृहस्थांना तीन मुली होत्या. कारकुनानं तिघींची नावं लिहून घेतली. धाकट्या दोघी त्याच आठवड्यात येऊन गेल्या. थोरली लांब दिली होती, तिच्यासाठी काम पंधरा दिवस खोळंबलं, आणि म्हातारबुवा रोज कचेरीला शिव्या देत राहिले. ती आली ती नवऱ्याला बरोबर घेऊन. कागद हातात घेतला आणि खुर्ची ओढून बसली. दोन्ही पानं वाचली, वरचं नाव पुन्हा एकदा पाहिलं. "संमतीपत्रच आहे ना हे?" तिनं विचारलं. कारकून हो म्हणाला. मग तिनं वडिलांकडून पेन घेतलं.